अण्णांनी आम्हांला विमानात बसवलं

माझे सासरे रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाले आणि त्यानंतर काही वर्षं त्यांच्या हातात सोडायला एकही गाडी नव्हती. त्यामुळे मी दोन मुलांना घेऊन आफ्रिकेला जायचं ठरलं, तेव्हा घरात सगळ्यांत जास्त हुरूप त्यांना आला. सगळं घर त्यांना अण्णा म्हणायचं, मीही. त्यांच्या दृष्टीनं गोष्ट साधी होती. सून, दोन नातवंडं आणि सामान एका ठिकाणाहून निघून दुसऱ्या ठिकाणी सुखरूप पोचलं पाहिजे. हे काम त्यांनी आयुष्यभर केलं होतं. या वेळी फक्त खाली रूळ नव्हते.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही सोलापुरात साखर पेठेत राहायचो. मुलांचे बाबा एका गिरणीत विणाई खात्यात होते. टांझानियात दार-ए-सलामला नवी कापडगिरणी उभी राहिली होती, तिथं माग चालवणारी आणि चालवायला शिकवणारी माणसं हवी होती. त्यासाठी हे आधी एकटेच गेले. जवळजवळ वर्षानं तिकडं राहायला घर मिळालं आणि निरोप आला, की आता मुलांना घेऊन ये. मुलं दोन. थोरली सहा वर्षांची होती आणि तिला जगातल्या प्रत्येक गोष्टीचा नियम पाठ होता. धाकटा जेमतेम साडेतीनचा, त्याला कुठलाच नियम मंजूर नव्हता. आणि मी. माझा तोवरचा मोठा प्रवास म्हणजे लग्न होऊन अकलूजहून सोलापूरला आले तो, आणि तोही सगळा रडण्यात गेल्यानं वाटेत काय दिसलं ते मला सांगता येत नव्हतं.

सासूबाई मंगळवेढ्याच्या. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. निरोप वाचून दाखवल्यावर त्यांनी एकच गोष्ट विचारली, तितं ज्वारी पिकती का. मी म्हटलं, तिथं मक्याचं पीठ शिजवून खातात असं कळवलंय. 

"मग पोरं जाऊन काय करनार हायती तितं?" त्या म्हणाल्या.

अण्णांनी शेजारच्या शाळेतून जगाचा नकाशा मागून आणला आणि भिंतीवर लावला. मुंबईपासून आफ्रिकेपर्यंत त्यांनी पेन्सिलीनं एक रेघ ओढली आणि तिच्यावर स्टेशनं शोधायला लागले. एकही सापडेना. सगळी रेघ निळ्या रंगावरून जात होती. विमान थेट नैरोबीला उतरतं आणि तिथून दुसऱ्या विमानानं दार-ए-सलाम, असं मी त्यांना सांगितलं तेव्हा ते चांगलेच अस्वस्थ झाले. मधे एकही हॉल्ट नाही, म्हणजे पाणी कुठं भरतात, ड्रायव्हर कुठं बदलतो, समोरून दुसरं विमान आलं तर कोण थांबतं आणि कोण पुढं जातं, असे त्यांचे प्रश्न होते. 

तिकिटांच्या कामासाठी ते मुंबईला जाऊन आले. येताना विमान कंपनीच्या कचेरीतून एक रंगीत पुस्तिका घेऊन आले. तिच्यात विमानाचं आतलं चित्र होतं, कुठं बसायचं, कुठं खायचं, कुठं जायचं हे सगळं. अण्णांनी ते चित्र दोन दिवस अभ्यासलं आणि मला बोलावून म्हणाले, "यात मागं गार्डचा डबा नाही."

मी म्हटलं, नसेल.

"मग मागं काय झालं ते पुढच्याला कळणार कसं?"

याचं उत्तर विमान कंपनीनंही पुस्तिकेत दिलेलं नव्हतं. तेव्हा अण्णांनी ठरवलं, की ज्या वाहनाला गार्डच नाही, त्यात बसणाऱ्यांनी स्वतःच तयार असलं पाहिजे. आणि आमची तयारी सुरू झाली.

पहिली पायरी फोटोची. त्या काळी लहान मुलांची नोंद आईच्याच पासपोर्टात व्हायची आणि फोटो तिघांचा मिळून काढायचा होता. फोटोवाल्यानं मला मधे बसवलं, दोन्हीकडं मुलं. त्यानं स्वतः काळ्या फडक्याखाली डोकं घातलं आणि मुलांना इकडं बघा, इकडं चिमणी आहे असं सांगितलं. धाकटा उठला, चालत गेला आणि फडक्याखाली शिरला. आत चिमणी नव्हती. मग तो परत यायला तयार होईना, कारण खोटं बोलणाऱ्या माणसाकडं बघून बसायचं कशाला, असं त्याचं म्हणणं. शेवटी अण्णा फोटोवाल्याच्या मागं उभे राहिले आणि त्यांनी इंजिनाचा आवाज काढून दाखवला. धाकटा हसला, तेव्हा थोरलीनं डोळे मिटले. थोरलीनं उघडले, तेव्हा धाकट्यानं जीभ काढली. ज्या फोटोत दोघांचे डोळे उघडे आणि जीभ आत होती, त्यात मी धाकट्याकडं डोळे वटारून बघत होते. फोटोवाला दमला होता. तोच फोटो पासपोर्टावर लागला. पुढं कितीतरी वर्षं मी ज्या ज्या देशात उतरले, तिथला अधिकारी आधी फोटो बघायचा, मग मला बघायचा आणि मग काहीएक न विचारता शिक्का मारून मोकळा व्हायचा.

मग सुया. कॉलऱ्याची सुई सोलापुरातच टोचून घ्यायची होती. दवाखान्याच्या दारातच धाकट्यानं जाहीर केलं, की आधी आजोबा. अण्णा म्हणाले, बरोबर आहे, नव्या पुलावरून आधी रिकामं इंजिन सोडून बघतात. त्यांनी बाही वर केली. डॉक्टरांनी दोनदा विचारलं, तुम्हीही जाताय का. अण्णा म्हणाले, जात नाही, पण टोचा. त्यांना टोचलं, मग मला, मग मुलांना. मुलांना काही झालं नाही. अण्णांना संध्याकाळी कडकडून ताप भरला, दंड सुजला आणि ते पांघरुणात शिरले. सासूबाई त्यांच्या कपाळावर पाण्याची पट्टी ठेवताना म्हणत होत्या, "जायाचं हिनं, आन ताप तुमास्नी. आता तुमाला कुटंबी सोडत्यात बगा." दुसऱ्या दिवशी धाकटा त्यांच्या उशाशी बसून विचारत होता, पूल पडला का.

ताप उतरल्यावर अण्णांनी अंगणात विमान उभं केलं.

घरातल्या दोन खुर्च्या, एक स्टूल आणि धुण्याचं पाटासारखं एक फळकूट मिळून ओळ पुरी होईना, म्हणून शेजारच्या अक्कांकडनं दोन खुर्च्या आणल्या. या अक्का तेलुगू बोलणाऱ्या, त्यांच्या घरी चादरींचे माग होते. खुर्च्या कशाला हव्यात ते कळल्यावर त्या स्वतःही आल्या आणि मागच्या रांगेत बसल्या. पट्टे म्हणून अण्णांचा नोकरीतला कातडी पट्टा, माझ्या परकराच्या नाड्या आणि एक टॉवेल. पुस्तिकेत लिहिलं होतं, की विमान वर चढताना कानात दडे बसतात, म्हणून कानात कापूस घालावा आणि गोळी चघळावी. कापसाची गरज नव्हती. साखर पेठेत जन्मलेली मुलं, चारी बाजूंनी मागांची खटखट चालू असतानाच ती झोपायची, विमानाचा आवाज त्यांना काय करणार. गोळ्या मात्र लिमलेटच्या आणल्या. त्यामुळे धाकट्याला विमान आवडायला लागलं. तो दिवसातून कितीतरी वेळा वर चढायचा.

पुस्तिकेच्या मधल्या पानावर ताट घेऊन उभ्या असलेल्या एका तरुण मुलीचं चित्र होतं. खाली लिहिलं होतं, हवाई सुंदरी. अण्णांनी ते सासूबाईंना दाखवलं आणि सांगितलं, की हे काम तुझं.

सासूबाईंनी चित्र लांब धरून बघितलं, जवळ धरून बघितलं. "हिच्या डोईवर पदर न्हाय," त्या म्हणाल्या.

पदर घेतला तरी चालेल असं अण्णांनी त्यांना सांगितल्यावर त्या तयार झाल्या. पहिल्या उड्डाणात सगळं पुस्तिकेप्रमाणं झालं. अण्णांनी हिरवा झेंडा दाखवला, आम्ही पट्टे बांधले, गोळ्या तोंडात गेल्या आणि विमान वर गेलं. मग हवाई सुंदरी स्वयंपाकघरातनं भाकरी, पिठलं आणि कांदा घेऊन आल्या. थोरलीनं पुस्तिकेतल्या मुलीसारखं 'काय घेणार' असं आधी विचारा म्हणून सुचवलं. सासूबाई म्हणाल्या, इचारायचं काय त्यात, पिटलंच हाय. त्यांनी वाढलं. आम्ही खाल्लं. आम्ही खाल्ल्यावर त्यांनी आणखी वाढलं. मी नको म्हटलं तर त्यांनी माझ्या ताटात भाकरी ठेवून पाठीवरून हात फिरवला. थोरलीनं दोन्ही हात ताटावर आडवे धरले, तर त्यांनी बोटांच्या फटीतून पिठलं सोडलं. धाकट्याचा पट्टा सुटून तो पुढं ड्रायव्हरच्या रिकाम्या स्टुलाकडं पळाला, तर त्या भाकरीचा तुकडा घेऊन त्याच्या मागं पळाल्या. अण्णा ओरडत होते, की चालत्या विमानात कुणी पळायचं नाही. सासूबाई म्हणत होत्या, "उपाशी पोराला आबाळात न्हेताय व्हय?"

मागच्या रांगेत अक्का मात्र शांत होत्या. त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या, टॉवेलचा पट्टा नीट आवळला आणि खुर्चीला टेकून डोळे मिटले. विमान खाली उतरलं तरी त्या उठल्या नाहीत. त्यांच्या घरनं कुणीतरी तेलुगूत हाका मारायला लागलं, तेव्हा त्यांनी डोळे न उघडता मला सांगितलं, की मी विमानात आहे म्हणून सांगा, नैरोबीला उतरले की येते. त्यानंतर अंगणात विमान उभं राहिलं की अक्का न चुकता असायच्या. घरी चार माग, दोन सुना आणि सासरा. त्यांना बसायला मिळायची ती तेवढीच जागा.

हे सगळं चालू असताना यांच्याकडनं आणखी एक निरोप आला. तिकडच्या घरात संडास खुर्चीसारखा उंच आहे, विमानातही तसाच असतो, तेव्हा मुलांना आधीच सवय कर, नाहीतर पंचाईत होईल. आता साखर पेठेत असला संडास आणायचा कुठनं? अक्कांनी विचारलं, खुर्चीसारखा म्हणजे त्याला हात असतात का.  पण अण्णांच्या चेहऱ्यावर तेज आलं. सोलापुरात असला संडास कुठं आहे ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. स्टेशनवर, पहिल्या वर्गाच्या वेटिंग रूममध्ये.

दुपारी गाड्यांची वर्दळ कमी असताना आम्ही गेलो. अण्णांना तिथं सगळेच ओळखत. आम्हांला कुठं जायचंय असं एकानं विचारलं तर अण्णा म्हणाले, आफ्रिकेला, आणि आम्हांला घेऊन थेट आत शिरले. वेटिंग रूममध्ये एकच गृहस्थ होते. कोट, टाय, पायाशी बॅग आणि हातात इंग्रजी वर्तमानपत्र. अण्णांनी त्यांना नमस्कार केला. मी दोन्ही मुलांना घेऊन आतल्या खोलीत गेले.

पांढराशुभ्र, उंच, चकचकीत. मुलं बघतच राहिली. मी धाकट्याला वर बसवलं. तो घाबरला वगैरे मुळीच नाही. उलट ऐटीत बसला, पाय हलवले, इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाला, "पट्टा कुठाय?"

मी त्याला सांगायला लागले, की हे विमान नाही. पण ज्या अर्थी घरापासून इतक्या लांब आणून त्याला एका खास खुर्चीत बसवलंय आणि सगळे त्याच्याकडं कौतुकानं बघताहेत, त्या अर्थी हे विमानच, याबद्दल त्याची खात्री होती. त्यानं लिमलेटची गोळी मागितली. मी म्हटलं, इथं गोळी खायची नसते. मग पट्टा तरी बांध, असं तो म्हणाला. शेवटी थोरलीनं आपल्या वेणीची रिबन सोडून त्याच्या पोटाभोवती धरली आणि आम्ही वाट बघायला लागलो. काही होईना. मी विचारलं, आता का अडलंय. तो म्हणाला, गाडी सुटल्याशिवाय कसं होईल. आणि त्यानं आतनंच मोठ्यांदा विचारलं, "आजोबा, गाडी सुटली का?"

बाहेरून अण्णांनी तितक्याच मोठ्यांदा, त्यांच्या नोकरीतल्या ठणठणीत आवाजात उत्तर दिलं, "सुटली, सुटली!"

बाहेर एकदम खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, मग धावण्याचा. कोटवाले गृहस्थ बॅग उचलून प्लॅटफॉर्मकडं पळाले होते. अण्णा त्यांच्या मागं, अहो तुमची नाही, आमची, असं सांगत. पण त्या गृहस्थांना कुठली गाडी ते ऐकायलाही सवड नव्हती. प्लॅटफॉर्म मोकळा होता. तिथं एक कुत्रं झोपलं होतं. गृहस्थ थोडा वेळ रुळांकडं बघत उभे राहिले आणि घाम पुसत परत आले. अण्णांनी त्यांना पाणी दिलं आणि सगळी हकीकत सांगितली, आफ्रिकेपासून.  गृहस्थांनी वर्तमानपत्र उघडून तोंडापुढं धरलं. तेवढ्यात आतनं थोरलीनं दार उघडून आनंदानं जाहीर केलं, की झालं.

आम्ही तिथं पुन्हा पुष्कळदा गेलो. नंतर अण्णा बाहेरून हळू आवाजात सांगायचे.

सामानाचा प्रश्न सगळ्यांत अवघड झाला. विमानात माणशी वीस किलोच न्यायचं होतं आणि सासूबाईंच्या मनात वीस किलो म्हणजे नुसती ज्वारी. माहेराहून मंगळवेढ्याची ज्वारी मागवून त्यांनी ती दळून ठेवली होती. शिवाय तवा, काठवट, शेंगांची चटणी, जवसाची चटणी, सांडगे. पाटा-वरवंटाही त्यांनी दारापर्यंत आणला होता, तो अण्णांनी परत नेऊन ठेवला. त्यात आम्ही परदेशी चाललोय हे पेठेत कळल्यावर जो तो निरोपाला यायचा आणि येताना चादर आणायचा. सोलापुरात दुसरं काय देणार. अक्कांनी मोरांची चादर दिली, त्यांच्या सासऱ्यांनी वेगळ्या मोरांची. आफ्रिकेत उकडतं असं मी सांगून बघितलं. ते म्हणाले, मग अंथरा.

रोज सकाळी अण्णा आणि मी पेट्या हातगाडीवर घालून कोपऱ्यावरच्या भुसारी दुकानात तागडीवर तोलायला न्यायचो. रोज वजन जास्त भरायचं. आम्ही घरी येऊन दोन चादरी काढायचो आणि सासूबाई त्या जागी पिठाची पिशवी घालायच्या. दुकानदार कंटाळला नाही. उलट तो रोज धाकट्यालाही तागडीत बसवून तोलायचा आणि म्हणायचा, एवढंच जड आहे, हेच इथं ठेवून जा. धाकट्यानं ते मनावर घेतलं आणि तिथं राहायला तयार झाला, कारण दुकानात गुळाची ढेप उघडी असायची.

शेवटी सासूबाईंनीच तोड काढली. त्यांनी अण्णांना विचारलं, माणसाला तोलतात का. अण्णा म्हणाले, नाही, फक्त सामान. सासूबाईंनी लगेच माझा एक जाडजूड परकर घेतला आणि त्याला आतून चौफेर खिसे शिवले. खिशात चटणीच्या पुड्या. मी तो नेसून चालून दाखवला. चालताना कुरकुर वाजत होतं, पण वरून काही दिसत नव्हतं. सासूबाई समाधानानं म्हणाल्या, "आंगावरचं कोन इचारतंय? बाईमानसाला इचारायचं धाडस होतंय व्हय कुनाला?"

त्यांचं म्हणणं बरोबर ठरलं असतं. पण अण्णांनी मुलांना शेवटचा धडा दिलेला होता, तो असा, की प्रवासात टेबलामागचे साहेब जे विचारतील त्याचं खरं उत्तर द्यायचं. रेल्वेत खोटं बोललेलं फार महागात पडतं.

अण्णा आम्हांला मुंबईपर्यंत सोडायला आले. सांताक्रूझच्या विमानतळावर तपासणीच्या टेबलामागं एक मराठी साहेब होते, वयस्क, चष्मा लावलेले. त्यांनी पेट्या उघडून बघितल्या. एका पेटीतून चादरीच चादरी निघाल्या तसे ते जरा थांबले. सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, आणखी काही आहे का. मी म्हटलं, नाही.

"आईच्या परकरात चटणी आहे," थोरली म्हणाली.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मी पायांकडं बघत होते आणि मनात म्हणत होते, की आता जमीन दुभंगली तर बरं. थोरलीला वाटलं, उत्तर अपुरं झालं. ती पुढं म्हणाली, "उजवीकडं शेंगांची आणि डावीकडं जवसाची."

साहेबांनी छताकडं बघितलं. छतावर बघण्यासारखं काही नव्हतं, तरी त्यांनी ते बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडं न बघता अगदी हळू विचारलं, "सोलापूर?"

मी म्हटलं, हो.

"जा," ते म्हणाले. मी निघाले. कुरकुर वाजत होतं.

अण्णा कठड्यापलीकडं उभे होते, तिथून पुढं त्यांना येऊ देत नव्हते. विमानाला उशीर होता, तो फलक वाचून त्यांच्या चेहऱ्यावर जरा बरं वाटल्यासारखं दिसलं. रूळ नसलेल्यांचं असंच होणार, असं काहीतरी ते म्हणाले.  मुलांच्या शर्टाची बटणं नीट आहेत का ते त्यांनी कठड्यावरून वाकून पुन्हा पुन्हा बघितलं. आमची वेळ झाली तेव्हा मी कठड्याअलीकडूनच त्यांना वाकून नमस्कार केला, तसे ते घाईघाईनं म्हणाले, "पोरांना खिडकीतनं हात बाहेर काढू देऊ नकोस."

मी म्हटलं, नाही देणार.

विमानात मुलं अशी वागली, की आजूबाजूचे लोक वळून वळून बघत होते. बसल्याबरोबर दोघांनी आपापले पट्टे बांधले. गोळ्या तोंडात घातल्या. धाकट्यानं तर शेजारच्या एका गोऱ्या माणसाचाही पट्टा बांधून दिला. विमान वर गेलं, कुणी रडलं नाही. मला एकदम अण्णांचा अभिमान वाटला.

मग जेवणाची ताटं आली. खरी हवाई सुंदरी हसत थोरलीसमोर उभी राहिली आणि ताट पुढं करून तिनं काहीतरी विचारलं. थोरली चांगल्या घरातल्या मुलीसारखी म्हणाली, "नको." म्हणजे आमच्याकडं पहिल्यांदा नको म्हणायचं असतं, दुसऱ्यांदा नको नको म्हणायचं असतं आणि तिसऱ्यांदा ताट पुढं करायचं. त्या मुलीनं ताट उचललं आणि ती पुढं गेली. धाकट्यानंही ताईचं बघून नको म्हटलं होतं, तर त्याचंही गेलं. दोघं वळून तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडं बघत राहिली. ती परत येईल, पाठीवरून हात फिरवून वाढेल, निदान घ्या की म्हणेल, असं त्यांना वाटत होतं. ती आलीच नाही. तेव्हा धाकट्यानं जो सूर लावला, तो पार पुढच्या दारापर्यंत पोचला. थोरली रडत नव्हती. "हिनं दुसऱ्यांदा विचारलंच नाही," ती मला म्हणाली. मी माझ्या ताटातला पाव दोघांना वाटून दिला आणि साडीच्या निऱ्यांआडून उजव्या खिशातली पुडी काढली. शेजारच्या गोऱ्या माणसानंही थोडी घेतली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यानं पुन्हा मागितली.

नैरोबीला विमान बदलून आम्ही दार-ए-सलामला उतरलो, तोवर सगळं ठरल्याप्रमाणं पार पडलं होतं. ज्याची कुणीच तालीम घेतली नव्हती, ते बाहेर उभं होतं. यांनी दाढी वाढवली होती.

वर्षभरात त्यांना दाढी करायचा कंटाळा आला होता की काय कोण जाणे, पण चांगली भरघोस, काळीभोर दाढी होती. मी लांबूनच ओळखलं. हे धावत आले आणि दोन्ही हात पसरून मुलांसमोर बसले. थोरलीनं धाकट्याचा हात पकडून त्याला मागं ओढलं आणि त्यांना म्हणाली, "आम्ही अनोळखी माणसाकडनं काही घेत नाही."

हे हसायला लागले. म्हणाले, अगं, मी बाबा.

थोरली माझ्याकडं बघायला लागली. धाकटा तिच्यामागून डोकावून त्या दाढीकडं बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर मोठा विचार चालला होता. शेवटी त्यानं मला हळूच विचारलं, "बाबाचा आवाज ह्यांनी कुठनं आणला?"

मी सांगितलं, हेच बाबा आहेत. थोरलीनं मला समजावलं, की बाबांना दाढी नाही, फोटो आपल्या भिंतीवर आहे. यांनी मग सोलापूरच्या घराच्या खुणा सांगितल्या, अक्कांच्या मागांचं सांगितलं, आजीच्या हातची कुठली भाजी कडू व्हायची तेही सांगितलं. थोरली म्हणाली, हे सगळं आईनंही सांगितलं असेल. गाडीत दोघं माझ्या दोन्ही बाजूंना चिकटून बसली आणि घरी पोचेपर्यंत या गृहस्थांना 'काका' म्हणत राहिली, तेही आदरानं, कारण त्यांनी केळी दिली होती.

घरी गेल्या गेल्या यांनी पेटीही उघडली नाही. मागच्या पडवीत आरसा टांगला, पाण्याचं भांडं घेतलं आणि साबण लावला. दोन्ही मुलं समोर पायरीवर हाताची घडी घालून बसली. एक गाल मोकळा झाला तेव्हा धाकटा जरा पुढं सरकला. दुसरा गाल मोकळा झाला तेव्हा थोरलीनं मान वाकडी करून बघितलं. हनुवटी निघाली, तिच्यावर लहानपणी पडल्याच्या खोकेची खूण होती, ती दिसली आणि दोघंही एकदम उठून यांच्या अंगावर पडली. साबण सगळा त्यांच्या कपड्यांना लागला. धाकट्यानं बाबांना विचारलं, तुम्ही इतका वेळ आत काय करत होता.

त्यानंतर यांनी आयुष्यात कधी दाढी वाढवली नाही. मला ती फार शोभून दिसली होती. पण मला कुणी विचारलंच नाही.